मध, प्रोपोलिस आणि अंगातले परजीवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मधाने जंत पडतात’ असा निरोप फिरला की पुढचे आठ दिवस मला तेच ते प्रश्न येत राहतात. एकदाच लिहून ठेवावं म्हणून हे पान केलंय. मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि परसात मेलिफेरा या पाळीव युरोपीय मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं ठाऊक आहे. तुमच्या आजारावर कोणतं औषध घ्यायचं, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मधाने पोटातले जंत पडतात का? हो की नाही ते सांगा.

नुसत्या मधाने नाही पडत.

आमच्या आजीकडे जंतांवर वावडिंगाची पूड मधातून चाटवायची पद्धत होती. रविवारी सकाळी, उपाशीपोटी. पूड अशी तिखट-तुरट की मध नसता तर आम्हा भावंडांपैकी कुणी तोंड उघडलं नसतं. आयुर्वेदात मधाच्या या कामाला अनुपान म्हणतात, म्हणजे औषध ज्याच्यासोबत पोटात घालायचं ते. पुढे झालं असं की घराघरातून वावडिंग गेलं, मध तेवढा राहिला, आणि औषधाचं श्रेय अनुपानाच्या खात्यावर जमा झालं.

याची जणू परीक्षाच नायजेरियात झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत शौचात परजीवी सापडलेली, पण तक्रार काहीच नसलेली ६० मुलं घेतली होती. तिसांना वाळवलेल्या पपईच्या बियांची पूड मधातून दिली, उरलेल्या तिसांना नुसता मध. सात दिवसांनी पुन्हा तपासलं. पहिल्या गटातल्या २३ मुलांची शौचतपासणी स्वच्छ निघाली, नुसत्या मधाच्या गटातल्या फक्त ५ मुलांची. त्या पाचांचं श्रेयही मधाला देण्याची घाई नको, कारण जंतांची अंडी रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत आणि एखाद्या दिवशीचा नमुना कोराही निघतो. पपईच्या बियांचं पुढे काय व्हायचं ते होवो (६० मुलं म्हणजे फार नव्हेत), पण या चाचणीत संशोधकांनी मध वापरला तो तुलनेसाठी, ‘औषध नसलेलं’ म्हणून. इंटरनेटवर हाच अभ्यास ‘मधाने ७७ टक्के मुलं जंतमुक्त’ अशा मथळ्याखाली फिरताना मी पाहिला आहे.

पण मध जंतू मारतो असं डॉक्टरही म्हणतात. ते खोटं का?

खोटं नाही, पण ते जखमेपुरतं खरं आहे. मधात पाणी विसेक टक्क्यांहून कमी असतं, आम्लता चांगली असते, आणि तो थोडा पातळ झाला की त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. न्यूझीलंडच्या मानुका मधात मिथाइलग्लायॉक्सल नावाचं आणखी एक जंतुनाशक द्रव्य असतं. जखमेवर थेट थापलेला मध हे सगळं करू शकतो. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या रुग्णालयांत वापरल्या जातात, त्या याच आधारावर.

तोच मध गिळला की जठरात पातळ होतो, आणि साखर लहान आतड्यात शोषली जाते. हत्तीरोगाची कृमी लसिकावाहिन्यांत, काळ्या आजाराचा परजीवी प्लीहेतल्या पेशींच्या आत. तिथवर मधातलं जंतुनाशक काही पोहोचत नाही, पोहोचते ती साखर.

‘दुर्लक्षित आजार’ म्हणजे नेमके कोणते? आपल्याकडे आहेत का?

जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे. २०२३च्या डिसेंबरात नोमा या तोंड-चेहरा कुजवणाऱ्या आजाराची भर पडल्यावर ती २१ नोंदींची झाली. त्यात परजीवींचे आजार पुष्कळ आहेत : काळा आजार आणि त्याच्या कातडीवरच्या बहिणी, लॅटिन अमेरिकेतला शागास, आफ्रिकेतला निद्रारोग, हत्तीरोग, शिस्टोसोमियासिस (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींचा आजार), मातीतून पसरणारे जंत, खरूजसुद्धा. मलेरिया त्यात नाही. तो गरिबांचाच आजार, पण त्याच्याकडे पैसा आणि लक्ष दोन्ही गेलं.

महाराष्ट्रात हत्तीरोग विदर्भाला चांगला परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातलं गिमवी हे गाव तर परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत गेलंय, कारण लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण १९५२ साली तिथे नोंदले गेले. नारू ज्यांनी पाहिलाय ते आजी-आजोबा अजून आहेत. पायाच्या फोडातून डोकावणारा पांढरा दोरा काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा, तुटला की संपलं. १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त ठरला. त्यावर ना गोळी होती, ना लस. पाणी गाळून प्यायला लावलं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, एवढंच.

या आजारांवर औषधं आहेत ना? मग मधमाश्यांच्या पेटीत कशाला शोधायचं?

औषधं आहेत, पण त्यांचा इतिहास वाचला तर शोधणाऱ्यांना हसू नये असं वाटतं. काळ्या आजारावर शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी अँटिमनीपासून युरिया स्टिबामाइन बनवलं आणि लाखोंचे जीव वाचले. पुढे अँटिमनीचीच दुसरी संयुगं वापरात आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बिहारात ती निम्म्याहून अधिक रुग्णांवर चालेनाशी झाली. निद्रारोगाच्या शेवटच्या टप्प्यावर मेलार्सोप्रोल हे सोमलाचं संयुग शिरेतून देत. ते घेणाऱ्या शंभरातले पाचेक जण आजाराने नव्हे, औषधाने मरत. शागासवरचं बेंझनिडाझोल साधारण ६० दिवस घ्यावं लागतं, आणि अंगावर पुरळ उठलं किंवा हातपाय बधिरले की कित्येक जण ते मध्येच सोडतात.

परिस्थिती सुधारली आहे, हेही सांगायला हवं. काळ्या आजाराला आता एकाच सलाइनमधून दिलेलं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन पुरतं. निद्रारोगावर फेक्सिनिडाझोलची तोंडाने घ्यायची गोळी आली. तरी परजीवी औषधाला सरावतो, म्हणून हाताशी दुसरं काही तयार लागतं.

प्रोपोलिस म्हणजे मेणच ना?

नाही. मेण माशी स्वतःच्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढते. प्रोपोलिस ती झाडांवरून गोळा करते. कळ्यांवरचा चिकट लेप, सालीतून पाझरलेली राळ असं काहीबाही मागच्या पायांवर लादून आणते, त्यात मेण मिसळते आणि पेटीतल्या फटी बुजवते.

हिवाळ्यात सकाळी पेटीचं झाकण लोखंडी पट्टीने उचकटलं की प्रोपोलिस काचेसारखा टचकन तुटतो. मे महिन्यात तोच च्युइंगगमसारखा ताणत येतो आणि बोटांना बसतो. साबणाने कितीही धुवा, जात नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला की तपकिरी ओघळ येऊन निघतो. यातच त्याचं अर्धं रसायनशास्त्र आलं : कामाची द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. प्रयोगशाळेतही ७० टक्क्यांच्या आसपासच्या इथेनॉलमध्येच अर्क काढतात.

आणि ‘प्रोपोलिस’ हा एक पदार्थ नाही, हे कृपया डोक्यात पक्कं करा. युरोपात माशी बहुतेक पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरून राळ आणते, त्यात क्रायसिन, पिनोसेम्ब्रिन, कॅफिक आम्लाची एस्टरं. ब्राझीलचा हिरवा प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांचा, त्यात आर्टेपिलिन-सी. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा लाल प्रोपोलिस डालबर्जियाच्या एका जातीचा, म्हणजे आपल्या शिसवाच्या गोत्रातला. तिघांवर नाव एक, आतला माल तीन तऱ्हांचा. ‘प्रोपोलिस अमुक आजारावर चालतो’ हे वाक्य म्हणूनच ‘पालेभाजीने अमुक बरं होतं’ इतकंच अचूक आहे.

माशीला त्याचा काय उपयोग? फटी बुजवायला मेण पुरलं नसतं?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

पेटीत कधी उंदीर शिरला आणि डंखांनी मेला, तर माश्यांना तो ओढून बाहेर टाकता येत नाही. मग त्या त्याच्यावर प्रोपोलिसचा थर चढवतात आणि आतल्या आत तो न कुजता वाळून जातो. मेणाला हे जमलं नसतं. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी काही वसाहतींना खडूरोगाच्या (माशीच्या अळ्यांना होणाऱ्या रोगाच्या) बुरशीची लागण करून पाहिली. त्या वसाहतींतल्या कामकरी माश्या राळ आणायला जास्त जाऊ लागल्या. माश्या राळ खात नाहीत, घराला फासतात. माणसाने दवाखान्यात न जाता भिंतींना औषधी गिलावा करावा, तसं काहीसं.

आता परजीवींकडे येऊ. मधमाशीच्या आतड्यात लॉटमेरिया पॅसिम नावाचा एकपेशीय परजीवी राहतो. २०१५मध्ये त्याचं वेगळं नामकरण झालं, तोवर तो क्रिथिडिया समजला जायचा. शेपटीसारखा एक तंतू हलवत पोहणारा हा जीव लीशमानिया आणि ट्रिपॅनोसोमा यांच्याच कुळातला, म्हणजे काळा आजार, शागास आणि निद्रारोग यांच्या जंतूंचा चुलतभाऊ. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या मंडळींनी आफ्रिका आणि इतर ठिकाणांहून प्रोपोलिसचे नमुने आणून ट्रिपॅनोसोमांवर तपासले, त्यामागे ही कल्पनाही होती. ज्या कुळातल्या परजीवीने माशीला लाखो वर्षं छळलं, त्या कुळाविरुद्ध तिच्या घरातल्या राळेत काही सापडेल का? नमुने कामाचे निघाले. विशेषतः नायजेरियाच्या लाल प्रोपोलिसमधून वेगळी काढलेली काही संयुगं अगदी थोड्या प्रमाणातही ट्रिपॅनोसोमांना पुरून उरली. माशीने राळ खास त्या परजीवीसाठी गोळा केली असं यावरून सिद्ध होत नाही. पण शोध कुठून सुरू करावा यासाठी मला तरी ही कल्पना ‘आजीबाईचा बटवा’छाप लेखांपेक्षा कितीतरी पटणारी वाटते.

‘प्रयोगशाळेत परजीवी मेले’ म्हणजे नक्की काय केलं जातं?

तळहातापेक्षा थोडी मोठी, ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली घेतात. प्रत्येक खळग्यात परजीवी सोडतात. डावीकडून उजवीकडे अर्क निम्म्यानिम्म्याने पातळ करत घालतात. ताटली उबेत ठेवतात, मग रेझाझुरिन नावाच्या निळ्या रंगाचे थेंब टाकतात. जिवंत पेशी तो रंग गुलाबी करतात, मेलेल्या करत नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटली उजेडासमोर धरली की डावीकडचे खळगे निळे, मधले जांभळट, पुढचे गुलाबी. निळा संपून गुलाबी सुरू होतो तिथून अर्काची ताकद मोजतात.

पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी हरखून जातो. मग त्याला सांगावं लागतं, बाबा, फिनेल घातलं तरी ताटली निळीच राहील. खरा प्रश्न पुढचा असतो : जेवढ्या मात्रेने परजीवी मरतो, तेवढ्याने माणसाची पेशी मरते का? दोन्ही आकड्यांतलं अंतर दहापट तरी असावं, जितकं जास्त तितकं बरं. प्रोपोलिसचे बरेच कच्चे अर्क इथेच अडखळतात.

लीशमानियाचं दुखणं आणखी वेगळं. वाळूमाशीच्या पोटात तो पोहत असतो, आणि ताटलीत वाढवायला सोपा म्हणून बहुतेक जण याच पोहणाऱ्या रूपावर प्रयोग करतात. माणसात मात्र तो तंतू टाकून देतो, गोल होतो आणि रोगजंतू गिळायचं काम असलेल्या भक्षक पेशींच्याच आत संसार थाटतो. चोर पोलीस चौकीत राहायला जावा तसा. औषधाला मग आधी ती पेशी ओलांडून, तिला धक्का न लावता आत जावं लागतं. बातमीत ‘प्रोपोलिसने लीशमानिया नष्ट’ असं वाचलं तर कुठल्या रूपातला, हे पाहा.

ताटलीत चाललेलं शरीरात का चालू नये?

एक हिशेब करू. समजा एका संयुगाचे मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम ताटलीत पुरतात. माणसात रक्त सुमारे ५ लिटर, म्हणजे लागले २५ मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही! पण ते रक्तात पोहोचायला हवं. प्रोपोलिसमधली फ्लॅव्होनॉइड प्रकारची द्रव्यं आतड्यातून नीट शोषली जात नाहीत, आणि जी जातात त्यांना आतड्याची भिंत आणि यकृत मिळून लगोलग दुसरे रेणू जोडून लघवीच्या वाटेला लावतात. शिवाय परजीवी रक्तातच बसलेला असतो असं कुठे आहे? शागासचा हृदयाच्या स्नायूत दडतो.

योगायोग बघा, ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या लासांसे गावी १९०९ साली कार्लोस शागास यांनी हा आजार शोधला, आणि जगात गाजलेला हिरवा प्रोपोलिस मुख्यतः त्याच राज्यातून येतो. त्यामुळे तिथल्या संशोधकांनी दोन्हींची गाठ घालून पाहिली नसती तरच नवल. ताटलीत निकाल उत्साह वाढवणारे आले. उंदरांवर ते तितके सरळ राहिले नाहीत.

माणसांवर कुठे तपासलं आहे का?

अगदी थोडं. दोन उदाहरणं सांगतो.

इराणमध्ये इस्फहानजवळच्या भागात कातडीचा लीशमानिया पुष्कळ. चेहऱ्यावर, हातावर चट्टा उठतो, खपली धरते, महिनोन्महिने भरत नाही. तिथल्या डॉक्टरांनी १०० रुग्ण घेतले. सगळ्यांच्या चट्ट्यात अँटिमनीचं इंजेक्शन, आणि अर्ध्यांना त्यावर दिवसातून दोनदा मधात भिजवलेली पट्टी. अपेक्षा अर्थातच अशी की मधवाले लवकर बरे होतील. ९० जण शेवटपर्यंत टिकले. नुसत्या इंजेक्शनवाल्या ४५ जणांतले ३२ पूर्ण बरे झाले, मध जोडलेल्या ४५ जणांतले २३. म्हणजे ७१ टक्के आणि ५१ टक्के. मधाने फायदा तर झाला नाहीच, उलट आकडा खाली गेला. हा अभ्यास २००७ साली छापून आला. मधाच्या गुणगानाच्या लेखांत तो तुम्हाला क्वचितच भेटेल.

मग ‘आमच्या ओळखीच्यांचा चट्टा मधाने गेला’ ते काय? खरंही असेल. कातडीचा हा आजार पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरतो. शेवटच्या महिन्यात जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं.

दुसरं उदाहरण क्यूबाचं, १९८८मधलं. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी असलेल्या १३८ जणांवर प्रोपोलिसचा अर्क वापरला. १० टक्क्यांच्या अर्काने निम्म्याहून थोडी जास्त मुलं बरी झाली. मोठ्यांत ३० टक्क्यांच्या अर्काने ६० टक्के बरे झाले, तर टिनिडाझोल घेतलेल्यांपैकी ४० टक्के. प्रोपोलिसवरच्या लेखांत हे आकडे मोठ्या अभिमानाने येतात. मला त्यातला शेवटचा आकडा खुपतो. टिनिडाझोल जिआर्डियावर एरवी दहातल्या नऊ जणांना बरं करतं. तिथे चाळीसच टक्के का? डोस, तपासणी, पुन्हा झालेली लागण, काहीतरी वेगळं घडलेलं असणार. स्पर्धेतला कसलेला मल्ल त्या दिवशी आजारी असेल, तर कुस्ती जिंकणाऱ्याची पाठ जरा हळूच थोपटावी. जिआर्डिया आतड्यातच राहतो, रक्तात जावं लागत नाही, त्यामुळे प्रोपोलिसला संधी असलीच तर इथे जास्त, हे मात्र मला पटतं.

मधमाशीच्या विषाचं काय? डंख घेऊन परजीवी मरतात म्हणे.

विषात मेलिटिन नावाचं २६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं, वाळवलेल्या विषाचा जवळजवळ अर्धा भाग तेच. ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. शागासच्या परजीवीवर ब्राझीलमध्ये ते तपासलंय आणि ताटलीत ते फार प्रभावी आहे. अडचण अशी की त्याला परजीवीचं आवरण आणि आपल्या तांबड्या पेशीचं आवरण यांतला फरक कळत नाही. दोन्ही फोडतं. म्हणून त्याचा रेणू बदलून किंवा कशात तरी गुंडाळून नेमक्या जागी पोहोचवायचे प्रयत्न चालू आहेत.

डंख घेऊन यातलं काहीही साधत नाही. एका डंखातलं विष मिलिग्रॅमच्या अंशातलं, ते कातडीतच अडकतं. आणि ज्याला आजवर काही झालं नाही त्यालाही पुढच्या डंखाला जिवावरची अ‍ॅलर्जी होऊ शकते. स्पेनमधली ५५ वर्षांची एक बाई दोन वर्षं दर महिन्याला असे डंख घेत होती, कधी त्रास नाही. एका खेपेला डंखानंतर घरघर सुरू झाली, शुद्ध हरपली, आणि पुढे ती वारली. २०१८ साली ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली.

रॉयल जेली, परागकण, मेण?

परजीवींच्या बाबतीत सांगण्यासारखं फार काही नाही. दमेकऱ्यांनी रॉयल जेलीपासून लांब राहावं.

निद्रारोग आफ्रिकेत. त्याच्या औषधाशी आपला काय संबंध?

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला सतत ताप येत होता आणि त्याच्या रक्तात पोहणारे ट्रिपॅनोसोमा दिसले. हा जनावरांतल्या सर्ऱ्याचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. माणसाच्या रक्तात त्याला मारणारं एक प्रथिन असतं, त्यामुळे तो आपल्याला होत नाही असंच सगळे शिकलो होतो. या शेतकऱ्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं, हे पुढे फ्रान्स-बेल्जियममधल्या तपासण्यांतून उलगडलं. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत सुरामिन हे आफ्रिकेतल्या निद्रारोगाचं जुनं औषध आणलं आणि तो बरा झाला. बैल, म्हशी, उंट यांना सर्रा आपल्याकडे आजही होतो. ट्रिपॅनोसोमांवर नवं औषध आलं तर त्याचा पहिला गिऱ्हाईक इथला गोठाही असू शकेल.

हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात. त्या घेतल्यावर ताप येतो. त्याऐवजी प्रोपोलिसचे थेंब घेऊ का?

नको. गोळ्या घ्या.

आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तिहेरी मात्रा देशात सर्वांत आधी सुरू झाली त्या जिल्ह्यांत नागपूर होतं, जानेवारी २०१९मध्ये. गोळ्यांनंतर काहींना अंगदुखी, ताप, चक्कर येते ती बहुतेक वेळा गोळीने नव्हे. रक्तातल्या बारक्या अळ्या एकदम मरतात आणि शरीर त्यांच्या अवशेषांवर चवताळतं. म्हणजे ज्याला ताप आला त्याच्या अंगात अळ्या असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यालाच गोळीची गरज होती. आशाताई समोर उभ्या राहून गोळ्या गिळायला लावतात त्याचा राग येतो खरा, पण लोक गोळ्या खिशात घालून घरी जातात हे त्यांना ठाऊक असतं. गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत.

काळ्या आजारातही हेच. मधाचे प्रयोग करत दोन महिने काढले तर तेवढे दिवस वाळूमाशी तुमच्याकडून परजीवी उचलून शेजाऱ्याकडे नेत राहते.

बाळाला जंत होऊ नयेत म्हणून मध चाटवावा का?

वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही, कुठल्याही कारणाने नको. मधात क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष करतात. बारशाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस अंगठीपुरती ठेवा. मूल मोठं झालं की शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती द्या.

दुकानातली प्रोपोलिसची बाटली घेऊ का? मध तरी शुद्ध मिळतो का?

मधाचं सांगतो. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने डिसेंबर २०२०मध्ये १३ ब्रँड तपासल्याचं जाहीर केलं. सगळ्या कसोट्यांवर तीनच उतरले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ. मधाचं हे, तर प्रोपोलिसच्या बाटलीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? कुठल्या झाडाचा, कुठल्या देशातला, अर्कात नेमकं काय किती, हे बाटलीवर बहुधा नसतंच. घशाला बरं वाटतं म्हणून थेंबभर घेत असाल तर तुमची मर्जी. पण प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी होते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चिकटपट्ट्या लावून अ‍ॅलर्जी तपासतात, त्या नेहमीच्या संचात प्रोपोलिस असतो.

एवढं काही असेल तर कंपन्या औषध का काढत नाहीत?

एक तर रुग्ण गरीब. त्यांच्यासाठी औषध शोधून पैसे सुटत नाहीत, म्हणूनच २००३ साली डीएनडीआय ही ना-नफा संस्था केवळ या आजारांवर औषधं काढायला स्थापन झाली, आणि फेक्सिनिडाझोल तिच्याच प्रयत्नांतून आलं. दुसरं म्हणजे राळ ऋतूगणिक, रानागणिक बदलते. औषधाची प्रत्येक गोळी सारखी असावी लागते.

निसर्गातून औषध येत नाही असं मी म्हणत नाहीये. २०१५चं वैद्यकाचं नोबेल संपूर्णपणे परजीवींवरच्या औषधांना मिळालं : मातीतल्या जीवाणूपासूनचं आयव्हरमेक्टिन आणि चिनी दवण्याच्या जातीतलं आर्टेमिसिनिन. पण विदर्भात कुणी माती खाऊन हत्तीरोग घालवत नाही. मातीतून रेणू काढला, जरा बदलला, मोजून गोळीत भरला. प्रोपोलिसची गाडी सध्या रेणू काढण्याच्या स्टेशनात उभी आहे.

आमच्याकडे सातेरीच्या पेट्या आहेत. प्रोपोलिस निघेल?

नाही. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव मधमाशी, प्रोपोलिस गोळा करत नाही. महाबळेश्वरकडच्या मधपाळांना हे शिकवावं लागत नाही, पण यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ पाहून पेटी घेणारे नवे लोक दरवर्षी विचारतात. प्रोपोलिस मेलिफेराच्या पेटीत मिळतो. डंख नसलेल्या बारक्या माश्या तर आपलं घरच राळ-मेणाने बांधतात, त्यांच्याकडे भरपूर असतो. भारतातल्या या दोन्हींच्या राळेवर काम ब्राझीलच्या मानाने फारच थोडं झालंय.

मेलिफेरा आहे. गोळा करून ठेवू का?

ठेवा. वरच्या झाकणाखाली बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी टाका, माश्या ती भोकं बुजवतात. जाळी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी कापडावर पिळली की खडे टपाटप पडतात. चौकटी खरवडून काढलेल्या प्रोपोलिसात लाकडाचा भुसा आणि पेटीचा रंग येतो, तो वेगळा ठेवा. कोळीनाशक (माश्यांवरचे माइट मारायच्या) पट्ट्या चालू असताना काढलेला तर घेऊच नका. पाकिटावर तारीख, गाव आणि त्या महिन्यात आसपास कुठल्या झाडांना नवी पालवी होती ते लिहा. माझ्याकडच्या पहिल्या तीन वर्षांच्या पाकिटांवर फक्त ‘प्रोपोलिस’ असं लिहिलेलं आहे, आणि ती कुणालाच नकोत.